देवाणघेवाण की नुसतीच घेवाण?

गेल्या जत्रेच्या रात्री आमच्या कुलदेवतेच्या महाद्वारापाशी जो प्रकार माझ्या डोळ्यांदेखत घडला, त्याविषयी मी गप्प बसावे असा सल्ला ज्या स्नेह्यांनी मला दिला ते सारे माझे हितचिंतकच आहेत. देवस्थानाचे नाव घेऊ नये, ही त्यांची दुसरी सूचना मी मानतो. पहिली मानणे मला शक्य नाही. नाव घेण्याचे प्रयोजनही नाही. तशी पाटी काही एकाच द्वारावर नाही.

प्रकार असा. अंत्रुज महालातील एका शिक्षकाच्या घरी इटालीतील एक सतरा वर्षांची मुलगी विद्यार्थी-विनिमयाच्या योजनेखाली दहा महिन्यांसाठी येऊन राहिली होती. आदल्या वर्षी याच शिक्षकाचा थोरला मुलगा त्याच योजनेतून इटालीत राहून आला होता. मुलगी इथल्या विद्यालयात जात होती. घरात आजीपाशी बसून कोकणी बोलावयास शिकली होती. चतुर्थीला माटोळी बांधताना कांगले कोठे आणि तोरिंगे कोठे हे तिला घरच्या धाकट्या मुलापेक्षा अधिक ठाऊक झाले होते. जत्रेच्या रात्री ती घरच्या मंडळींबरोबर पालखी पाहावयास आली. अंगावर यजमानीणबाईंची साडी, केसांत आबोलीची फाती. घरातील सर्व माणसे आत गेली आणि हिच्यापुढे मात्र रखवालदाराचा हात आडवा आला. पाटीकडे बोट दाखविण्यात आले. पाटीवर अक्षरे होती : 'परदेशी पर्यटकांना प्रवेश नाही.'

शिक्षकाच्या मातोश्री, वय वर्षे ऐंशीच्या घरातील, परत फिरून बाहेर आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "तें आमचें चेडूं न्हय?" चिटणीसांना बोलावणे गेले. ते सज्जन गृहस्थ आहेत, हे मी प्रथमच सांगून ठेवतो. त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, नियम तो नियम. तुम्हीच असे म्हणू लागलात तर आम्ही काय करावे?" मग मुलीसाठी बाहेर एक खुर्ची मांडण्यात आली. प्रसाद बाहेर पाठविण्यात आला. आजीबाई त्या खुर्चीशेजारी पायरीवर बसल्या आणि पालखी निघेपर्यंत तेथून हलल्या नाहीत. त्या वर्षी त्यांनी देवीचे दर्शन घेतले नाही.

आता 'नियम तो नियम' या वाक्यापासूनच आरंभ करू, कारण ते मला उद्देशून उच्चारले गेले होते आणि नियमांचा अर्थ लावणे हाच माझा उदरनिर्वाह आहे.

कायदा देवस्थानाच्या विरुद्ध आहे असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. भारतीय संविधानाच्या 26 व्या अनुच्छेदाने प्रत्येक धर्मसंप्रदायास आपल्या धार्मिक बाबींची व्यवस्था आपणच पाहण्याचा अधिकार दिला आहे. 25 व्या अनुच्छेदाने सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरे खुली करण्याची जी मुभा राज्याला दिली आहे, ती हिंदूंच्या सर्व वर्गांपुरती आणि विभागांपुरती आहे. अन्यधर्मीयास तीतून काहीही हक्क मिळत नाही. आपल्या समाजाला तर हा विषय नवा नाहीच. मुल्की येथील गौड सारस्वतांच्या वेंकटरमण देवालयाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 1957 साली लागलेल्या त्या निकालाने देऊळ सर्व हिंदूंस खुले झाले, आणि त्याच वेळी काही विशिष्ट विधी संप्रदायाच्या लोकांपुरते राखून ठेवण्याची मोकळीकही राहिली. एवंच, दार कोणाला उघडावे आणि आतला कोणता भाग कोणापुरता राखावा, या दोन गोष्टी अलग अलग आहेत हे खुद्द न्यायालयाने आपल्याच एका देवळाच्या बाबतीत दाखवून दिले आहे. गोव्यातील देवस्थानांचा कारभार तर अजूनही 1933 च्या पोर्तुगीज कायद्याच्या चौकटीत, महाजनांच्या सभेतून चालतो. उद्या महाजनांनी एकमताने ठरविले की कोणाही अन्यधर्मीयास आवारात पाऊल टाकू द्यावयाचे नाही, तर त्या ठरावाविरुद्ध त्या मुलीचे वकीलपत्र घेण्यास मी तयार होणार नाही. खटला हरेन.

परंतु महाजनांनी तसे ठरविलेले नाही! पाटीवर 'परदेशी' एवढाच शब्द नाही, 'अहिंदू' हा शब्द तर नाहीच. शब्द आहेत 'परदेशी पर्यटक'. पर्यटक म्हणजे जो सहलीसाठी येतो, पाहतो आणि जातो. ही मुलगी विद्यार्थिनीच्या परवान्यावर आलेली, गावच्या शाळेच्या हजेरीपटावर जिचे नाव आहे, जिच्या वास्तव्याची नोंद यजमानाने सरकारदरबारी रीतसर केलेली आहे अशी. तिला पर्यटक ठरविणे हा पाटीचा अर्थ नव्हे, अनर्थ आहे. ज्या चिटणीसांनी नियमाची थोरवी मला ऐकविली, त्यांनी नियम पाळला नाही, वाढविला. आणि नियम वाढविण्याचा अधिकार सभेचा आहे, चिटणिसांचा नव्हे. शिवाय पाटी जरा शिथिल होते ती कोठे, हेही आपणा सर्वांना ठाऊक आहे. आपल्यांपैकी किती घरांत आज परदेशी सुना आणि जावई आहेत! मुंबईहून, बडोद्याहून, इंदुराहून कुलदेवतेच्या दर्शनास मोटारी येतात, त्यांतून ही गोरी मंडळी उतरतात, अभिषेकाची पावती फाडली जाते आणि रखवालदाराचा हात आडवा येत नाही. याबद्दल माझी तक्रार नाही. यावेत, अवश्य यावेत. पण मग ज्या शिक्षकाला मोठ्या रकमेची पावती फाडता येत नाही, त्याच्याच पाहुणीच्या वेळी पाटीतील अक्षरे एवढी ठळक का व्हावीत?

ही पाटी का लागली ते मी जाणतो, आणि ज्यांनी ती लावली त्यांच्यावर मी दोषारोप करीत नाही. तोकड्या वस्त्रांत समुद्रावरून थेट सभामंडपात येणारे, पूजेच्या वेळी पुजाऱ्याच्या तोंडावर कॅमेरा रोखणारे प्रवासी आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्याहून जुनी आठवण तर रक्तातच आहे. सोळाव्या शतकात साष्टी, बारदेश आणि तिसवाडीची देवळे पडली; मंगेश कुशस्थळी सोडून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशी सोडून कवळ्यास आली, सांखवाळचा लक्ष्मीनृसिंह वेलिंगास आला. ज्यांच्या पूर्वजांनी रात्रीच्या काळोखात देव पाण्यापलीकडे नेले, ते दारावर कोण उभे आहे याची चौकशी करतात, यात आश्चर्य काय?

तथापि तीच आठवण पुरती आठवावयास हवी. हे देव गेले कोठे? अंत्रुजास, म्हणजे त्या काळी दुसऱ्या राज्यात, आदिलशाहीच्या मुलखात. तेथे त्यांचे ना देऊळ होते, ना जमीन. कोणीतरी जागा दिली, कोणीतरी आसरा दिला, म्हणून आज आपल्याला कुलदेवतेचा पत्ता सांगता येतो. आणि जे आपले लोक आणखी दक्षिणेस उतरले, कानड्या मुलखात आणि कोचीपर्यंत गेले, ते काय स्वतःच्या घरी गेले होते? परक्यांच्या आश्रयानेच त्यांनी आपली देवळे पुन्हा उभारली. आपण पाहुण्यांचे वंशज आहोत आणि आपले देवही पाहुणे म्हणूनच या जागी आले. पाटी लिहिताना हा इतिहास अर्धाच वाचला गेला, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता मूळ विषयाकडे येतो, कारण हा प्रश्न केवळ एका मुलीच्या एका रात्रीचा नाही. विद्यालयीन वयातील मुलांचा परदेशांशी विनिमय ही गोष्ट आपल्या समाजात झपाट्याने प्रतिष्ठित होत आहे. आमच्या गावात निदान चार घरे अशी आहेत की ज्यांचे चिरंजीव किंवा कन्या अमेरिकेत, जर्मनीत वा जपानात काही महिने राहून आली. वर्तमानपत्रात छायाचित्र येते, देवस्थानाच्या सभेत सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते. पण त्यांपैकी किती घरांनी परदेशातील एखादे मूल आपल्या घरी ठेवून घेतले? शिक्षकाचे एक घर. बाकीच्या तिघांना मी विचारले. एकाने सोवळ्याची अडचण सांगितली. दुसऱ्याने वेगळ्या खोलीची अडचण सांगितली, आणि त्याचे घर माझ्या घराच्या दुप्पट आहे. तिसऱ्याने मनापासून उत्तर दिले : "अहो, मुलाच्या पुढच्या शिक्षणासाठी उपयोग होतो म्हणून पाठविला. आपल्याकडे कोणी येऊन आपल्याला काय मिळणार?"

या उत्तराला मी घेवाण म्हणतो. यात देवाण कोठेच नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर या चळवळीला जे वळण लागले त्याचा इतिहास या तिसऱ्या गृहस्थाने वाचावा. अमेरिकन फील्ड सर्व्हिस ही मूळची शाळकरी मुलांची संस्था नव्हे. 1915 साली फ्रान्सच्या रणभूमीवर जखमींना रुग्णवाहिकांतून वाहून नेणाऱ्या स्वयंसेवकांची ती संस्था. दुसऱ्या महायुद्धात तिचे चालक आफ्रिकेत, इटालीत आणि हिंदुस्थान-ब्रह्मदेशाच्या आघाडीवरही होते. नाझींच्या बेर्गेन-बेल्सेन छळछावणीत त्यांनी मरणोन्मुख माणसे उचलली. युद्ध संपल्यावर या मंडळींनी ठरविले की पुढचे युद्ध थांबवावयाचे तर जखमींना वाहून उपयोग नाही. पोरांनाच एकमेकांच्या घरी राहावयास धाडले पाहिजे. 1947 साली 10 देशांतील 52 विद्यार्थी पहिल्याने अमेरिकेत गेले.  आजही अमेरिकेतील या वर्गाच्या योजनेत यजमान कुटुंबाला मोबदला देता येत नाही. पाहुणा पैशांसाठी ठेवावयाचा नाही, हे त्या योजनेचे मर्म आहे. आपल्याकडे मात्र या मर्मालाच दलालांनी बाजार मांडून दिला आहे. लाखो रुपयांत 'सांस्कृतिक विनिमय' विकला जातो. दहा दिवसांची सहल, एका परदेशी शाळेच्या सभागृहात आपल्या मुलांची फुगडी आणि लेझीम, शेवटी प्रमाणपत्र. मी फुगडीचा द्वेष्टा नाही. पण ज्या मुलीने आयुष्यात कधी चतुर्थीच्या रात्री घरच्या चौकात फुगडी घातली नाही, तिला परदेशच्या रंगमंचावर ती घालावयास लावून आपण कोणती संस्कृती कोणाला देतो, हे मला कोणी समजावून सांगेल काय?

खऱ्या विनिमयाचे उदाहरण पाहावयाचे तर फ्रान्स आणि जर्मनी यांच्याकडे पाहावे. 1870, 1914, 1939 : सत्तर वर्षांत तीन युद्धे. घरोघर कोणीतरी मारला गेलेला, आणि मारणारा शेजारच्या देशातला. 22 जानेवारी 1963 रोजी द गॉल आणि आडेनाउअर यांनी पॅरिसमध्ये करार केला. त्याच वर्षी जुलैत दोन्ही देशांतील तरुणांच्या भेटीगाठींसाठी दोघांच्या खर्चाने चालणारे एक समाईक कार्यालय निघाले. त्याच्या योजनांतून आजवर 90 लाखांहून अधिक मुले-मुली एकमेकांच्या देशांत राहून आली. यांतील शाळकरी मुलांसाठी व्होल्तेरच्या नावाची जी योजना आहे, ती आमच्या तिसऱ्या गृहस्थास मी मुद्दाम समजावून दिली. तीत जर्मन मूल सहा महिने फ्रेंच कुटुंबात राहते आणि त्याच कुटुंबाचे मूल सहा महिने त्या जर्मन कुटुंबात. जो पाठवितो त्याने घेतलेच पाहिजे. दोन्ही आयांना एकमेकींच्या पोराचे अंथरूण घालावे लागते. मी वकील आहे. परस्परता हा शब्द मी रोज करारनाम्यांत लिहितो, पण इतका अर्थपूर्ण मी तो क्वचितच लिहिला असेल. गृहस्थांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते ख्रिस्ती-ख्रिस्ती. त्यांचे जमते. आपले कसे जमणार?"

तर मग हिंदूंचेच उदाहरण देतो. 1883 साली अठरा वर्षांची एक महाराष्ट्रीय ब्राह्मण मुलगी एकटी समुद्र ओलांडून अमेरिकेस गेली. समुद्रगमन निषिद्ध मानले जाण्याचा तो काळ. निघण्यापूर्वी तिने बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर भाषण करून आपण हिंदू म्हणूनच राहू असे सांगितले. आनंदीबाई जोशी यांचे वैद्यकीय शिक्षण, त्यांची पदवी हे आपण पाठ्यपुस्तकांतून शिकलो. त्यांना घर कोणी दिले हे मात्र आपण विसरतो. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी एका मिशनरी मासिकात या जोडप्याचा पत्रव्यवहार वाचला. ख्रिस्ती होण्याचा उपदेश त्या मासिकाने केला होता. कार्पेंटरबाईंनी तसली कोणतीही अट न घालता पत्र लिहिले आणि आपल्या घराचे दार उघडे ठेवले. मुलीने तेथे साडी नेसावी, आपला शाकाहार सांभाळावा; कोणी आडकाठी केली नाही. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यास आनंदीबाईंचा अंत झाल्यावर त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली, आणि त्या कुटुंबाने ती आपल्या कुलाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे, ठेवली. आजही तेथे आहे. एका ख्रिस्ती कुळाने आपल्या पूर्वजांच्या शेजारी एका हिंदू मुलीला जागा दिली. सभामंडपात एक रात्र उभे राहण्यास जागा देण्याचा प्रश्न आपल्यापुढे आहे!

गोमंतकीयांना घरचे उदाहरण हवे असेल तर तेही आहे. सांखवाळात जन्मलेले धर्मानंद कोसंबी हार्वर्डच्या कामासाठी 1918 साली पुन्हा अमेरिकेस गेले तेव्हा त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदरला बरोबर नेले. पुढे जगन्मान्य झालेल्या त्या पंडिताचे माध्यमिक शिक्षण मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजच्या शाळेत झाले. त्या शाळेने दारावर पाटी लावली असती तर आपण आज कोणाच्या विद्वत्तेचा अभिमान सांगितला असता?

परक्या घरी मूल पाठविण्यात आणि परके मूल आणण्यात धोका नाही असे मी म्हणत नाही. तसे म्हणणारा वकील असत्य बोलतो. 1992 सालच्या ऑक्टोबरात जपानातील नागोयाचा सोळा वर्षांचा योशिहिरो हात्तोरी हा विनिमय-विद्यार्थी अमेरिकेतील बॅटन रूज येथे यजमानाच्या मुलाबरोबर एका समारंभास निघाला आणि चुकून भलत्याच घराच्या दारी गेला. घरधन्याने पिस्तूल रोखून थांबण्याचा हुकूम दिला. मुलाला त्याचा अर्थ उमगला नसावा. तो हसतमुखाने पुढे आला आणि मारला गेला. 1993 च्या मे महिन्यात ज्यूरीने घरधन्यास निर्दोष सोडले; दिवाणी न्यायालयाने पुढे 1994 साली सुमारे साडेसहा लाख डॉलरची भरपाई ठरविली. मी हा खटला अनेकदा वाचला आहे. पाटीची तुलना पिस्तुलाशी करण्याइतका मी अविवेकी नाही. मला सांगावयाचे आहे ते त्या मुलाच्या आईबापांविषयी. आपले दार कायमचे मिटून घेण्याचा अधिकार जगात कोणाला असेल तर त्या दोघांना होता. त्यांनी बंदुकांच्या नियंत्रणासाठी 17 लाखांवर सह्या गोळा केल्या आणि अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हाती दिल्या. आणि मुलाच्या नावे निधी उभारला तो अमेरिकन विद्यार्थ्यांना जपानात आणून जपानी घरांत राहू देण्यासाठी. ज्या देशात मुलगा मारला गेला त्याच देशाची पोरे त्यांनी बोलावून घेतली. आमचे चिटणीस म्हणतात, "आज एकीला सोडले तर उद्या शंभर येतील." हात्तोरी दांपत्याच्या कथेनंतर हे वाक्य मला फार लहान वाटू लागले आहे.

सोवळ्याच्या आक्षेपाला एका परिच्छेदाहून अधिक जागा देण्याची आवश्यकता नाही. गर्भागारात मी जात नाही, चिटणीसही जात नाहीत, पुजारीच जातो. मुलीने गर्भागार मागितले नव्हते, तीर्थही मागितले नव्हते. तिला चौकात हात जोडून उभे राहावयाचे होते, जेथे जत्रेच्या रात्री फुगेवाल्यांची पोरेसुद्धा झोपलेली असतात.

एक गोष्ट मात्र राहिली. इटालीत असताना शिक्षकाच्या मुलाला यजमानीणबाईंनी नाताळच्या रात्री आपल्याबरोबर प्रार्थनामंदिरात नेले होते आणि आपल्या कुटुंबाच्या बाकावर, आपल्या शेजारी बसविले होते. चतुर्थी आली तेव्हा त्याच बाईंनी मातीची व्यवस्था करून दिली, मुलाने हातांनी गणपती केला, आणि तो दीड दिवस त्यांच्या भोजनगृहात कपाटावर बसला. घरचे कुत्रे तेवढा वेळ अंगणात बांधून ठेवले होते. हे सर्व त्या मुलाने मला सांगितले, आणि सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, कारण जत्रेच्या रात्री त्या बाईंना दूरध्वनीवरून काय सांगावे हे त्याला सुचत नव्हते. शेवटी पालखीचे छायाचित्र पाठवून त्याने वेळ मारून नेली. छायाचित्र बाहेरून काढलेले होते.

महाजनांच्या पुढच्या सभेत मी पुढील ठराव मांडणार आहे. महाद्वारावरील पाटीतील 'पर्यटक' हा शब्द जसाच्या तसा राहावा. परंतु जो विद्यार्थी वा विद्यार्थिनी शिक्षणासाठी कोणाही महाजनाच्या किंवा कुळावीच्या घरी राहत असेल, त्यास यजमानांसमवेत, देवस्थानाच्या वस्त्रनियमांचे पालन करून, सभामंडपापर्यंत येण्यास मोकळीक असावी. छायाचित्रणास मनाई असावी. आणि विनिमयावर आलेल्या विद्यार्थ्यांच्या आईवडिलांपैकी कोणी भेटीस आल्यास अग्रशाळेतील दोन खोल्या त्यांना इतर भक्तांच्याच दराने मिळाव्यात. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथील जे महाजन हे मासिक वाचतात, त्यांनी सभेची सूचना आल्यावर ती बाजूला न टाकता या वेळी यावे. मसुदा मी चिटणिसांना दाखविला आहे. त्यांनी तो दोनदा वाचला, चश्मा पुसला आणि म्हणाले, "मांडा. अनुमोदन कोण देतो ते पाहू."

अद्यापि कोणी दिलेले नाही. शिक्षक महाजन नाहीत, कुळावी आहेत. त्यांना मत नाही.